मागच्या खोलीतले तीन दिवस

पंचवटीतल्या गोदावरीबाईंचा हिशेब पंचांगापेक्षा पक्का होता. पंचांग एखादी तिथी गाळतं. गोदावरीबाई काही गाळत नसत. सायखेड्याचे यजमान मागच्या खेपेला किती आले, कोणी किती पोळ्या चापल्या, कोण आंघोळीचं सोंग करून पाटावर बसला, सगळं डोक्यात. मुलगा दिवाकर घाटावर पूजा सांगे आणि यात्रेकरूंना घरी जेवायला आणी. ते जेवण रांधायचं सुनेनं. सून श्यामला अठ्ठावीस वर्षांची. पाच मुलं, त्यांतली धाकटी अडीच वर्षांची.

श्यामला महिन्यातून तीन दिवस बाजूला बसे. परसातली खोली, एक घोंगडी, एक तांब्या. चूल नाही, दळण नाही, कोणी तिला शिवायचं नाही. ते तीन दिवस ती नुसती झोपे. दिवाकर थट्टेनं म्हणे, बायका विटाळाला कंटाळतात, आमची मुहूर्तासारखी वाट बघते. गोदावरीबाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे, कारण तेवढे दिवस चूल त्यांच्या गळ्यात येई आणि गुडघ्यांनी तर केव्हाच राजीनामा दिला होता.

चौतीस सालच्या कार्तिकात श्यामला अशीच बाजूला बसली. दुसऱ्या दिवशी गोदावरीबाईंच्या ध्यानात आलं, की परसातल्या दोरीवर विटाळाचा एकही धडपा वाळत नाही. मागच्या महिन्यातही नव्हता. शिवाय फोडणीच्या वासानं तोंडाला पदर लावून बाहेर पळताना त्यांनी सुनेला आठ दिवसांत तीनदा पाहिलं होतं. मग कळायचं काय राहिलं? दिवस गेलेली बाई विटाळाचं सोंग घेऊन घोंगडीवर पडली होती, आणि साठीची सासू पंधरा पानांचा स्वयंपाक करत होती.

काय काय सुनवायचं ते जुळवत त्या तरातरा परसात गेल्या. खोलीच्या दाराशी धाकटी उभी होती. अंगावर कापड नसलेल्या पोराला विटाळ लागत नाही, हे तिला भावंडांनी शिकवलं होतं. म्हणून तिनं आपलं झबलं स्वतःच ओढून काढलं होतं आणि थंडीत कुडकुडत ती "आई, घे" म्हणत होती. श्यामला भिंतीकडे तोंड करून पडली होती. जागी होती.

"हिला कपडे घाला कोणीतरी," ती भिंतीलाच म्हणाली.

सुनवायचं ते राहूनच गेलं. पोरीला पदरात गुंडाळून त्या उंबऱ्यावर टेकल्या.

"कितवा महिना?"

"तिसरा लागलाय."

"मग हे कशाला?"

"आता बाळंतपणापर्यंत ही खोली मिळायची नाही, म्हणून." ती उठून बसली, पण पोरीकडे तिनं पाहिलं नाही. "सासूबाई, ही रडली की आधी माझा पान्हा फुटायचा. आता नुसतं ऐकू येतं. शेजारच्या घरातलं मूल रडावं तसं. मी वाईट आहे का हो?"

गोदावरीबाईंनी वर पाहिलं. या खोलीच्या आढ्याला सतरा वासे आहेत, हे त्यांना न मोजता ठाऊक होतं. त्यांची नऊ बाळंतपणं, त्यांतली चार जगली. त्या चारांतलं कोण कधी चालायला लागलं, कोणाला दात कधी आले, आठवायला गेल्या तर एक म्हणता एक आठवेना. वासे मात्र सतरा.

"वाईट नाहीस. दमली आहेस," त्या म्हणाल्या. "मीही दमले होते. मला कोणी सांगितलं नाही. नीज तू."

घरात दिवाकर विचारत होता, उद्या मनमाडची मंडळी येणार, ही चुलीशी कधी यायची? गोदावरीबाईंनी सांगितलं, या खेपेला चार दिवस धर. सोवळ्यात खोटं बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. मार्गशीर्षात तर श्यामला बाजूला बसल्याचं त्यांनीच परस्पर जाहीर करून टाकलं. दळायला आळीतल्या साळूबाईला लावलं. पण सोवळ्याच्या चुलीला परका हात चालत नव्हता, तिथं त्यांचेच गुडघे.

पौषात पोट लपेना. दिवाकरनं आळीत पेढे वाटले. श्यामला चुलीशी परत आली आणि मागच्या खोलीत गोवऱ्या रचल्या गेल्या. गोदावरीबाईंनी एकदा लेकाकडे विषय काढला, की यात्रेकरू जरा कमी आण, पोर थकली आहे.

"आई, तुझी नऊ झाली," दिवाकर म्हणाला. "तू कधी थकलीस?"

आळीत त्यांच्या तोंडाला कोणी लागत नसे. पण लेकापुढून त्या उठल्या आणि श्यामलेशेजारी कणीक मळायला बसल्या.

धाकटी आता आजीपाशीच निजू लागली. आईनं हाक मारली तर जाई. पण आधी आजीकडे बघून घेई. श्यामलेच्या ते नजरेस येई. ती पुढची पोळी लाटायला घेई.