नवव्या क्रमांकाचं नाव

हॉइट प्रुइटला मूठमाती देऊन लोक पांगले, तेव्हा त्याच्या बायकोनं, इमोजीननं, चर्चच्या दाराशी ठेवलेल्या फुलांवरची नावं एकेक करून वाचली. सगळ्यात मोठ्या गुच्छावर वेन्डेल क्रोचं नाव होतं. तिनं तो गुच्छ उचलून गाडीत टाकला, आणि घरी जाता जाता शेजाऱ्याच्या डुकरांपुढे नेऊन फेकला. डुकरांनी तो दोन मिनिटांत फस्त केला. ती शेवटपर्यंत उभी राहून बघत होती.

हॉइट सव्वीस वर्षं स्टीमर्स या बेसबॉल संघाचा स्काउट होता. दक्षिण जॉर्जियातल्या शाळाशाळांच्या मैदानांवर फिरायचं, चांगली पोरं हेरायची आणि संघाला कळवायचं, हे त्याचं काम. दर जूनमध्ये सगळे मोठे संघ आळीपाळीनं नव्या पोरांची निवड करतात. त्या दिवशी कुणाला उचलायचं हे असल्या अहवालांवर ठरतं. हॉइटचं अक्षर त्याचं त्यालाच लागत नसे, म्हणून तो सांगायचा आणि इमोजीन टाइप करायची. प्रत्येक अहवालाची कार्बन प्रत ती जपून ठेवायची. हॉइटचा साहेब म्हणजे हा वेन्डेल क्रो. वयानं वीस वर्षांनी लहान. वर्षातून दोनदा यायचा, इमोजीनच्या हातचं पीच कॉबलर, हे फळांचं गोड पक्वान्न, दोनदा मागून खायचा, आणि पाय पसरून आपल्याला कसली पोरं आवडतात ते तासन् तास सांगत बसायचा. बाई ताटं उचलता उचलता सगळं ऐकत असे.

एका वर्षी क्रोनं सहा फूट सहा इंचांचा एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, पहिल्या फेरीत घेतला. हॉइटनं स्पष्ट लिहिलं होतं की पोरगा खांद्यावर सगळा भार टाकतो, दोन वर्षांत मोडेल. तो दीड वर्षातच मोडला. मालकानं जाब विचारला तेव्हा क्रोनं बेलाशक सांगितलं, की हा पोरगा हॉइटनंच गळ्यात मारला. संघाच्या दप्तरातून हॉइटचा अहवाल तोवर नाहीसा झाला होता. मग एका दुपारी हॉइटला क्रोचा फोन आला. इमोजीन स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या फोनवर ऐकत होती. सव्वीस वर्षांचं काम सहा मिनिटांत संपलं.

तिनं मालकाला कार्बन प्रत पाठवली. दोन ओळींचं उत्तर आलं, की झालं ते झालं. हॉइट त्यानंतर एकाही मैदानावर गेला नाही. गाडी उभी करायच्या छपराखाली खुर्ची टाकून बसायचा. बरोबर अकरा महिन्यांनी, खेळाचा मोसम सुरू व्हायच्या तोंडावर, त्याच खुर्चीत गेला.

जॉर्जियातल्याच मेकन शहरातून बेसबॉलचं एक साप्ताहिक निघत असे. डेल्बर्ट ओक्स त्याचा संपादक. निवडीच्या आठवड्यात कुठला संघ कुणाला उचलणार याचे अंदाज तो छापायचा, आणि ते अंदाज संघांच्या कचेऱ्यांतूनही वाचले जायचे. हॉइट गेला त्या वर्षी मे महिन्यात इमोजीननं डेल्बर्टला पत्र टाकलं. बाकीच्या संघांबद्दल आपल्याला काही कळत नाही, पण स्टीमर्स पहिली तीन पोरं कोणती घेतील ते कळतं, असं लिहून खाली तीन नावं दिली. डेल्बर्टनं गंमत म्हणून छापली. तिन्ही बरोबर आली.

तिनं जादू काही केली नव्हती. क्रोला उंच पोरं आवडतात, ठेंगण्यांकडे तो ढुंकून बघत नाही, बाप सैन्यात असला की पाघळतो, चष्मेवाल्याचं नाव खोडतो, हे सगळं त्यानंच तिच्या टेबलाशी बसून सांगितलं होतं. ती फक्त मैदानांवर जायची, आणि पोराकडे क्रोच्या डोळ्यांनी बघायची.

दुसऱ्या वर्षी तिनं पुन्हा तीन नावं दिली. या खेपेला इतर संघांनी ती गांभीर्यानं वाचली, आणि क्रोचा नंबर यायच्या आत दोन पोरं उचलली. क्रोच्या हाती उरलंसुरलं आलं. त्यानं एका वार्ताहराला चिडून सांगितलं, की जॉर्जियातली एक म्हातारी डूख धरून बसली आहे, आणि तिनं छापलेल्या नावाला आपण यापुढे शिवणारसुद्धा नाही. इमोजीननं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग कात्रण कापून आरशाच्या चौकटीत खोचलं.

तिसऱ्या वर्षी स्टीमर्सचा नंबर नववा होता. मालकानं क्रोला शेवटची संधी दिल्याची बातमी होती. त्या मोसमात तिच्याच जिल्ह्यात मार्सेलस बून नावाचा एक शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या तळांमधला क्षेत्ररक्षक, होता. पाच फूट आठ इंचांचा, पण चेंडूवर असा झेपावायचा, की समोरचे फलंदाज हताश होत. क्रो असल्या पोराकडे बघेल असं कुणालाही वाटलं नसतं. पण मेमधल्या एका सामन्याला इमोजीन उकडलेल्या शेंगांची पुडी घ्यायला गेली, आणि दुकानामागच्या सावलीत तिला क्रो दिसला. हॅट खाली ओढून तो बूनचा सराव बघत होता. शेंगावाल्या बाईनं सांगितलं, हा माणूस चौथ्यांदा येतोय.

इमोजीन सरळ त्याच्यापाशी गेली.

"कुणाला बघायला आलास, वेन्डेल?"

"कुणालाच नाही, मिस इमोजीन. इथे बहीण राहते माझी."

त्याची एकुलती एक बहीण ओहायोत राहते हे तिला ठाऊक होतं. तोच म्हणाला, "हॉइट भला माणूस होता. पण त्याचे दिवस भरले होते. कुणीतरी सांगायलाच हवं होतं ना त्याला?"

"तू सांगितलंस की. मी ऐकत होते."

क्रोचा चेहरा उतरला. तिनं पुडीतल्या दोन शेंगा त्याच्या हातावर ठेवल्या आणि आपल्या जागी येऊन बसली. तिचं मन थंड होतं. आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं योग्य पोरगा हेरला होता.

दोन दिवसांनी तिनं डेल्बर्टला कळवलं: नववा क्रमांक, स्टीमर्स, मार्सेलस बून. डेल्बर्टनं फोन केला. क्रो आणि ठेंगणा पोरगा? दोन वर्षांत कमावलेलं नाव एका दिवसात जाईल, असं त्यानं समजावून पाहिलं.

"तू छाप, डेल्बर्ट," आरशातल्या कात्रणाकडे बघत ती म्हणाली.

निवडीच्या दिवशी दुपारी ती पडवीत बटरबीन्सच्या शेंगा सोलत बसली होती. डेल्बर्ट तिकडून फोनवर एकेक नाव कळवत होता. नवव्या नंबरावर स्टीमर्सनी इंडियानाचा सहा फूट पाच इंचांचा पिचर घेतला, टॉड रिंगहोल्ट. दहाव्यावर, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या संघानं, बून. डेल्बर्ट हळहळत म्हणाला की अंदाज साफ चुकला. ती हो हो म्हणत राहिली, आणि फोन ठेवल्यावर बीन्सची टोपली बाजूला सारून हॉइटच्या छपराखाली जाऊन त्याला सगळं मोठ्यानं सांगून आली.

रिंगहोल्ट दोन वर्षांत बाद होऊन घरी गेला. बून तिसऱ्या वर्षी मोठ्या संघात खेळू लागला, आणि स्टीमर्सच्याच मैदानावर येऊन त्यानं त्यांना तीन सामन्यांत लोळवलं. त्या आठवड्यात क्रोची नोकरी गेली. त्याच संध्याकाळी इमोजीनचा फोन वाजला.

"तुम्हाला माहीत होतं मला तोच हवा होता," क्रो म्हणाला. आवाज बसलेला होता.

"माहीत होतं."

"आणि खोटं छापलंत."

"खरंच छापलं होतं, वेन्डेल. खोटं तू पाडलंस."

तिनं फोन ठेवला नाही; त्याला ठेवू दिला.

त्या रविवारी चर्चबाहेर बूनची आई भेटली. पोराला स्टीमर्समध्येच जायचं होतं, ती बोलता बोलता म्हणाली. तीन तासांवर घर, आजी आजारी. आजी गेली तेव्हा त्याला तिकडून वेळेत येता आलं नाही. इमोजीननं तिचा हात हातात घेतला. आपण काय केलं ते ओठांवर आलं होतं, पण ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे कॉबलर घेऊन गेली, आणि दारातूनच देऊन परत आली. क्रोचं तिला जराही वाईट वाटलं नाही. या बाईसमोर मात्र तिला पुढे कधी नीट बसता आलं नाही.

डेल्बर्टच्या आग्रहानं तिनं आणखी एक वर्ष अंदाज लिहिले. स्टीमर्सला नवा साहेब आला होता. तिन्ही नावं चुकली. डेल्बर्टनं संकोचत विचारलं, की असं कसं झालं.

"खेळ हॉइटला कळायचा," ती म्हणाली. "मला वेन्डेल कळायचा."

पुढच्या मेपासून ते पान दुसरं कुणी लिहू लागलं. इमोजीन सामन्यांना जायची, पण कागद-पेन्सिल न घेता, आणि सातवा, शेवटचा डाव संपायच्या आत बहुतेकदा उठून घरी यायची.