एकही जागा कोरडी नको

माझं कुणी ऐकत नाही, ही माझी जन्मभराची तक्रार. मी बाबली मेस्त्री. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत पुण्याला लष्कराच्या वर्कशॉपात गाड्या उघडायला शिकलो आणि नंतर मालवणात येऊन गॅरेज टाकलं. ट्रकवाले येतात, मी घसा फोडून सांगतो की बाबांनो, ऑइल बदला, पाणी बघा. ते मान डोलावतात, विडी पेटवतात आणि तसेच निघून जातात. गाडी वाटेत बसली की पुन्हा मलाच बोलावणं. एवढ्या वर्षांत माझं अक्षरन्‌अक्षर ऐकणारा गाडीवाला एकच भेटला, गंगाराम कुबल. त्याने ऐकलं नसतं तर फार बरं झालं असतं.

गंगारामने बावीस वर्षं आगबोटीच्या इंजिनघरात तेल घालायचं काम केलं. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण इंजिनाला कान लावून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचा. बासष्ट साली बोट सोडून तो मालवणच्या दांडी किनाऱ्यावरच्या घरी कायमचा आला. घराच्या ओट्यावरून खडा मारला तर समुद्रात पडावा, एवढंच अंतर. घरात बायको सुगंधा, आणि त्याच्या वारलेल्या भावाची मुलगी जानकी, पाचेक वर्षांची.

सुगंधाचं माहेर आरोंद्याच्या खाडीपलीकडे, पेडण्याच्या बाजूला. पंचावन्न साली गोव्याची हद्द बंद झाली आणि तिचं माहेर डोळ्यांसमोर असून परदेश झालं. हद्द उघडली तेव्हा नवरा बोटीवर, आणि तो येतो न येतो तोच ती विषमज्वराने अंथरुणाला खिळली. तिकडून आईचा निरोप येत होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, पूर्ण अंधार व्हायच्या आत माझ्या लेकीला एकदा आणून दाखवा.

निरोपाला उत्तर म्हणून गंगाराम एकटाच सासूला भेटून आला आणि येताना गाडी घेऊन आला. तिथला एक भाटकार, म्हणजे जमीनदार, घरदार विकून लिस्बनला निघाला होता, त्याची ती गाडी. विलायती, लाल, दोनच माणसांची, महायुद्धाच्या आधीची. वर टप नाही, लांब नाक, तारांची चाकं. दोन होड्या बांधून वर फळ्या टाकलेल्या सांगडीवरून ती खाडी ओलांडून आली, तीही निम्मी भिजून.

"सुगंधाक एसटीत बसवचा नाय," तो म्हणाला. "अशक्त आसा ती. हेच्यात बसवन आवशीकडे न्हेतलंय. हेका जीपचा इंजिन बसता काय ता बगा, मेस्त्रीनू. वायच धावाक व्हयी."

मी हातातला पाना आपटला. "अरे, आधी गाडी थांबाची सोय बग, मगे पळवच्या गजाली कर! हिचे ब्रेक तारेवरचे. हातब्रेक आणि पायब्रेक, दोनव त्याच चार ड्रमांका धरतत. ते गेले तर देवाक हाक मारूचीसुद्धा फुरसत नाय."

दुसरा कुणी असता तर हसला असता. गंगाराम हसला नाही. "तुमी सांगशात तसा," एवढंच म्हणाला. त्या दिवसापासून मला तो आवडायला लागला.

तीन महिने आम्ही त्या गाडीला लागलो होतो. ब्रेकच्या तारा नव्या ओढल्या, मुंबईहून लायनर, म्हणजे ड्रमला आतून घट्ट धरणाऱ्या पट्ट्या, मागवून चारही चाकांना बसवले. मग टायर, मग वायरिंग, आणि सगळ्यात शेवटी, बक्षीस म्हणून, जरा मोठा कार्बोरेटर. जुनी गाडी सुधारायची म्हणजे कशाच्या आधी काय, हे कळावं लागतं. ते मला कळतं, अशी माझी घमेंड होती आणि ती मी लपवत नव्हतो.

गाडी न्यायच्या दिवशी तो सुगंधाला घेऊन आला. सोबत शाळेच्या वहीचा एक कागद आणि पेन्सिल.

"तुमी सांगा, ही लिवन घेतली," तो कौतुकाने म्हणाला. "चार बुका शिकलली आसा. माका वाचून दाखयत आणि मी करतलंय."

माझी छाती फुगली. माझा सल्ला कुणी कागदावर उतरवून घेत होतं! मी स्टुलावर बसून कलमं सांगायला लागलो. रोज सकाळी पाणी बघणे. आठवड्याला टायरची हवा. बॅटरीच्या टोकांना ग्रीस. चालू केल्यावर इंजिन तापेपर्यंत जोर न करणे. सुगंधा ओट्यावर बसून गोल, सुंदर अक्षरात लिहीत होती. आजाराने हडकलेली, पण चेहऱ्यावर माहेरी जायचं तेज होतं.

सातवं कलम गंजाचं. दांडीवरचा खारा वारा लोखंड खातो. होड्यांना आपण तारली माशांचं तेल चोपडतो, तेच मी सुचवलं. गाडीला खालून तारल्यांचं तेल लावणे, दर महिन्याला. एकही जागा कोरडी ठेवू नये.

सुगंधाची पेन्सिल थांबली. "एकव जागा नाय, मेस्त्री? सगळ्याक?"

ती खरंच विचारत होती. आणि मी, तिन्ही लोकांत हुशार, खेकसलो. "एकव नाय म्हटलंय ना! एकदा सांगान कळणा नाय? लिही!"

तिने मान खाली घातली आणि लिहिलं. ब्रेकच्या ड्रमच्या आत तेल घालायचं नसतं, तेलाने लायनर घसरतात आणि चाक धरत नाहीत, हे मी सांगितलं नाही. ते सांगायचं असतं, हेच मला सुचलं नाही. मेस्त्रीच्या पोराला कळतं ते. पण गंगाराम मेस्त्रीचा पोर नव्हता. त्याचे बापजादे होडीवाले आणि तो आगबोटीवरचा. होडीला कोरडं ठेवायचं असं काही नसतं, आणि बोटीच्या इंजिनघरात तर जे फिरतं त्याला तेल, एवढंच बावीस वर्षं त्याने पाळलं होतं.

पंधरा दिवसांनी मी दांडीवर मासे आणायला गेलो, तेव्हा ती गाडी अंगणात चकचकीत उभी होती. वास मात्र असा की नाकाला पदर लावावा. गंगारामने चारही चाकं काढून, उताणं पडून फटीफटीतून तेल लावलं होतं. अंगणात पाच-सहा मांजरं जमलेली. एक बोका मागच्या चाकाच्या आत मान घालून मन लावून चाटत होता.

"तुझ्या गाडीर मांजरांचा जीव जडलो रे!" मी हसून म्हणालो.

"तुमचा सातवा कलम पावला," तोही हसला. मग जरा थांबून म्हणाला, "मेस्त्रीनू, ब्रेक वायच उशिरा लागता. आधी असो नाय होतो."

"नवे लायनर आसत. बसाक वेळ लागता," मी म्हणालो. खाली वाकून बघायला हवं होतं. पण हातात बांगड्यांची पिशवी होती, मासे उन्हात नरम पडले असते, आणि वाकलं की माझी कंबर धरायची. बोका चाटतच होता. मी त्याच्या शेजारून निघून आलो.

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी, ती दोघं निघाली. जानकीला शेजारी सुभद्राकाकूंकडे ठेवलं होतं. निघताना मुद्दाम माझ्या दारात थांबली. सुगंधाने लाल काठाचं लुगडं नेसून अबोलीचा वळेसर माळला होता. मांडीवर आईसाठी नेलेल्या खाज्याचा पुडा. तिने तो कागद पदराच्या गाठीतून काढून मला दाखवला.

"सगळा केला हां, मेस्त्री," ती म्हणाली. "एकव चुकवक नाय."

"शाबास! गंगाराम, माझो बाकीचो गिऱ्हाईक मेलो तुझ्यासारखो असतो तर!" मी म्हणालो. गाडी गेली. रस्त्यावरची पोरं मागून धावली.

तासाभराने चहा पिऊन बाहेर आलो, तर गाडी उभी होती त्या जागी आमचं मांजर जमीन चाटत होतं. गाडीच्या पोटाखाली नव्हे, बाजूला, मागचं डावं चाक होतं तिथे. मी वाकलो. आता वाकलो! मातीत तेलाचा ओला डाग होता, आणि दांडीहून इथवरच्या एवढ्याशा वाटेत ड्रम कोमट झाले तेवढ्यात ते तेल गळलं होतं. ड्रमच्या आतून. मला बोका आठवला. काढलेली चाकं आठवली. "सगळ्याक?" हा तिचा प्रश्न आठवला आणि मी बाजाराकडे धावलो.

बाजारात माझ्या एका गिऱ्हाइकाचा, शंकरचा, ट्रक सावंतवाडीकडे निघाला होता. मी दार उघडून आत चढलो आणि म्हणालो, "कसलाव विचारू नको, पळव." वाटेवरच्या प्रत्येक उतारावर मी दरीकडे बघत होतो. लाल काही दिसलं नाही की जीव खाली पडायचा, आणि पुढचा उतार आला की पुन्हा वर यायचा. तापेल तसं तेल पातळ होणार. जितका ब्रेक दाबेल तितकं तापणार. गंगाराम सांभाळून चालवणारा, म्हणजे तो दर उतारावर दाबणार.

कुडाळच्या हॉटेलवाल्याने सांगितलं, इथे बराच वेळ बसून आत्ताच गेली. "गाडी हा की मासळीची पाटी?" असं म्हणून तो हसायला लागला. मी त्याच्या अंगावर ओरडलो. का, ते त्या बिचाऱ्याला अजून ठाऊक नसेल.

सावंतवाडीला ती थांबलीच नव्हती. शंकरने पुढे आरोंद्यापर्यंत ट्रक आणला, हे त्याचे उपकार. गावातून रस्ता एक वळण घेतो आणि सरळ तरीच्या धक्क्यावर उतरतो. धक्क्याला कठडा नाही, सांगड लागायची म्हणून. आम्ही वळलो तेव्हा धक्क्यावर माणसं गोळा झाली होती आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

गंगाराम दगडावर बसला होता, नखशिखांत भिजलेला. खाडीला पूर्ण भरती होती. पाण्यात तीन होड्या वल्ही रोवून उभ्या होत्या आणि तरवाले बुड्या मारत होते. पाण्यावर तेलाचा पातळ रंगीत पापुद्रा पसरला होता. तोच वास. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोनव ब्रेक वडले, मेस्त्रीनू. दोनव." थोड्या वेळाने सुगंधाला वर काढलं. अबोलीचा वळेसर तसाच होता.

तरवाल्याने मला नंतर सांगितलं. पलीकडच्या काठावर म्हातारी सकाळपासून येऊन बसली होती. तिला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं. गलका झाला तेव्हा ती शेजारच्याला विचारत होती, "आयली मगो गाडी? तांबडीच ना?"

महिन्याभराने गंगाराम माझ्या गॅरेजात आला. दाढी वाढलेली. खिशातून त्याने तो कागद काढला. पदराच्या गाठीत भिजून सुरकुतलेला, पण पेन्सिलीची अक्षरं पाण्याने जात नाहीत, सगळी शाबूत होती.

"वाचून दाखया," तो म्हणाला. "माझा खंय चुकला ता माका कळाक व्हया. तुमी सांगितलल्यात काय तरी माझ्याकडना रवला. नायतर असा जावचा नाय."

मी वाचायला लागलो. पाणी, हवा, ग्रीस. आवाज माझा, अक्षर तिचं. त्याने डोळे मिटले होते आणि प्रत्येक कलमाला तो मान हलवत होता, केलंय, केलंय. सातवं आलं. मी सांगणार होतो. देवाशप्पथ, तोंड त्यासाठीच उघडलं होतं.

"गाडयेक खालसून तारल्यांचा तेल लावणे," मी वाचलं. "ब्रेकचे ड्रम सोडून. एकव जागा कोरडी ठेवू नये."

त्याने डोळे उघडले. "ड्रम सोडून?"

"होय."

"तसा लिवला हा?"

मी कागदाकडे बघत राहिलो आणि पुन्हा म्हणालो, "होय."

मग त्याने कागद माझ्या हातातून हळूच घेतला. "माका तिना ता वाचूक नाय," तो म्हणाला. "आजारातून उठलली, नजर फिरली असतली. आवशीकडे जावची घाई. बिचारी." कागदाची घडी त्याने छातीशी धरली. "कोणाक सांगा नको हां, मेस्त्रीनू. मेलल्या माणसाक बोल नको."

मी मान डोलावली.

याला दोन वर्षं झाली. त्याने तो कागद फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावलाय. म्हणतो, घरात सुगंधाचं अक्षर तेवढंच उरलंय. माझ्या गॅरेजात अजून ट्रकवाले येतात, पण मी आता कुणाला काही सांगत नाही. ते विचारतात, मेस्त्री, हल्ली शिव्या नाहीत? परवा गंगाराम बाजारात भेटला, खुशीत होता. जानकी दुसरीत गेली, म्हणाला, आता जोडाक्षरंसुद्धा वाचते. दुकानांच्या पाट्या वाचते, औषधाच्या बाटल्या वाचते, घरात भिंतीवर जे दिसेल ते मोठमोठ्याने वाचत सुटते.