पावलामागची थाप

आजींचं मांडीचं हाड जुळलं होतं, भीती मात्र मोडत नव्हती. पलंगावरून उठायच्या, वॉकर धरायच्या, आणि पाऊल उचलायची वेळ आली की पाय जमिनीला चिकटायचे. वृद्धाश्रमाचा शिरस्ता सरळ होता. जेवणघरापर्यंत चालता आलं तर खालच्या मजल्यावर नवऱ्यासोबत राहायचं. नाहीतर वर, अंथरुणाला खिळलेल्यांच्या दालनात. तिथं जोडप्याला जागा नव्हती. सोमवारी डॉक्टर बघायला येणार होते.

आजोबा बँडवाले. उभा जन्म मिरवणुकीत ढोल बडवण्यात गेलेला. आश्रमात गाण्यातून उपचार करणाऱ्या एक बाई यायच्या, सगळे त्यांना गाणेबाई म्हणत. त्यांनी आजोबांच्या हाती डफ दिला. "तुम्ही ठेका धरा, मी गाते. गाण्याच्या नादात पाय भीती विसरतो."

हळू टाक पाय, वाट कुठे जाय,
उन्हाची गं साय अंगणात...

आजोबांची पहिलीच थाप अशी पडली की खिडकीची तावदानं थरथरली. गाणं मागे राहिलं, आजी त्याहून मागे. दुसऱ्याच पावलाला वॉकर डगमगला आणि आजी मटकन पलंगावर बसल्या.

"अहो, मी काय पळून चाललेय?"

"अगं, ठेका पडला की पाय आपोआप पडतो. शंभर-शंभर माणसं चालवलीत मी या हातानं!"

"मी शंभर नाही हो. एकटीच आहे."

गाणेबाई हसल्या. "आजोबा, इथं उलटं असतं. आधी पाय, मग थाप."

"म्हणजे हिच्या मागनं वाजवायचं?"

"जन्मभर पुढेच चाललात," आजी पदर सारखा करत म्हणाल्या. "एकदा वळून बघितलं असतंत, तर मी किती मागे राहायचे ते दिसलं असतं."

आजोबांनी डफ पुन्हा मांडीवर घेतला. रविवारभर सराव चालला. आजोबांचा हात सारखा शिवशिवायचा, पावलाच्या आधी पडायचा, आणि आजी नुसत्या बघायच्या.

सोमवारी डॉक्टर व्हरांड्यात उभे राहिले. गाणेबाईंनी सूर लावला. आजींचं पाऊल पडलं, थाप. दुसरं पडलं, थाप. उंबऱ्याशी मात्र पाय अडला. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. गाणेबाईही थांबल्या.

आजोबांचा हात वर, अधांतरी. कधी ठेका रिकामा न सोडलेला तो हात खाली येत नव्हता. ते फक्त तिच्या पायाकडे बघत राहिले.

मग टाच हलली. उंबऱ्यावरून पाऊल पलीकडे टेकलं, आणि डफावर बोटं अशी पडली, जशी झोपलेल्या लेकराच्या पाठीवर.

जेवणघराच्या दारात आजी दमून थांबल्या. "अहो, थांबलात का? वाजवा की."

"तू टाक पाऊल," आजोबा म्हणाले. "मी आहे मागे."