दुफिएच्या पोटातून आलेली मेणाची वडी

मित्रांनो, मी एक जुनी वडी आहे, आणि वडी म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटलं असेल तर ते गिळून टाका. मी मेणाची आहे. कुमासी शहरातल्या मोठ्या इस्पितळात तपासणीची खोली आहे, तिथल्या कपाटात माझा मुक्काम. माझ्या मेणात भुईमुगाच्या दाण्याएवढा एक तुकडा आहे, माणसाच्या पोटातला. तो ज्या बाईचा आहे ती कुणी ऐरीगैरी नव्हती, म्हणून मीही मान वर करूनच बोलते.

ती दुफिए. बाजारातली टोमॅटोची राणी. आमच्याकडे बाजारात दर मालाची एक राणी असते आणि तिने हो म्हटल्याशिवाय गाडीवरून पाटी उतरत नाही. दुफिएने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण पाटीच्या तळाशी एक जरी सडका टोमॅटो असला तरी तिला वरूनच कळायचं. माझी जीभ तुम्हाला तिखट वाटली तर तिला बोल लावा, मी तिच्या पोटातली.

साठीच्या सुमाराला दुफिएचं पोट फुगू लागलं. कांदेवाली म्हणाली, "राणीबाई, या वयात पाळणा हलवणार की काय?"

दुफिए म्हणाली, "हलवीन की. नाव काय ठेवायचं ते तुझ्या नवऱ्याला विचारून ठेव."

सगळा बाजार हसला. पोट मात्र हसण्याने ओसरलं नाही. इस्पितळात ते उघडलं तेव्हा आत पाणी भरलेलं होतं आणि जागोजागी गाठी. डॉक्टरांनी अंडाशय काढलं, त्याला लागून असलेली नळी काढली, गर्भाशय काढलं. आतड्यांवर चरबीचा एक पदर लोंबत असतो, तोही काढला. दुफिए पुढचा हंगाम कसाबसा पाहून गेली. मी राहिले.

मी त्या पदराची. आम्हा तुकड्यांना आधी औषधात मुरवलं, मग स्पिरिटात बुडवून आमच्यातलं पाणी काढलं, मग वितळलेल्या मेणात बसवलं. अंडाशयाची वडी, नळीची वडी, मी, आणि गर्भाशयाच्या निरोगी तुकड्याची एक. चौघी बहिणी. निरोगी असण्याचा त्या चौथीला फार तोरा होता.

सुरुवातीला माझा मान मोठा. धारदार पात्याने माझे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढत, काचेवर लावून गुलाबी-जांभळे रंगवत. शिकणारी मुलं सूक्ष्मदर्शकातून पाहायची आणि म्हणायची, "किती स्पष्ट दिसतंय." मी मनात म्हणे, दिसणारच, राणीचं आहे. पुढे नव्या वड्या आल्या आणि मला कपाटात मागे ढकललं. वीज गेली की खोली तापायची, माझ्या कडा मऊ पडायच्या. एकदा तर मी शेजारच्या परक्या वडीला चिकटून बसले. राणीच्या लेकीला असले दिवस यावेत. असो.

मग डॉक्टर न्यार्को आल्या. बाई तरुण, पण प्रश्न म्हातारे. त्यांना कळायचं होतं की हा आजार अंडाशयापाशी सुरू होतो तर पदरापर्यंत पोचतो कसा. त्यांनी आम्हा चौघींना बाहेर काढलं, पुसलं, आणि आमच्या पेशींमधला मजकूर वाचायला घेतला.

मला अक्षर येत नाही, मित्रांनो. जे कानावर पडलं ते सांगते. प्रत्येक पेशीच्या पोटात एक लांबच लांब मजकूर असतो. एका पेशीच्या दोन झाल्या की त्याची नक्कल होते. आमच्या विणकरांकडे शिकाऊ पोरं गुरूचा नमुना पाहून विणतात. गुरूच्या पट्टीत एक धागा चुकलेला असेल तर चेल्याच्या पट्टीतही तो चुकतो, वर चेला आपली एखादी नवी चूक घालतो. जाणत्या डोळ्याला पट्टीवरूनच कळतं, कोण कुणाकडे शिकला. डॉक्टरबाईंनी आमच्या चुका तशाच जुळवल्या.

नळीच्या वडीत सगळ्यात कमी चुका होत्या. त्या सगळ्या अंडाशयाच्या वडीतही होत्या आणि माझ्यातही. माझ्या काही आणखी वरच्या. म्हणजे मूळ घर नळीचं, आणि मी नंतरची वस्ती.

नळीच्या टोकाला झालर असते. तिथल्या एका पेशीतला रखवालदार मजकूर मोडला. चुकलेल्या पेशीला अडवायचं त्याचं काम. आता अडवणारं कुणी नाही म्हटल्यावर चुकांवर चुका साठल्या. पेशींना एकमेकींचा हात धरून ठेवायला सांगणारा मजकूर असतो, तोही मुका झाला. पेशी सुटल्या. बहुतेक कर्करोग रक्तातून लांब जातात. या मात्र पोटातल्याच पाण्यात पुंजक्यांनी तरंगत निघाल्या. पदर मिळाला. पदर चरबीचा, म्हणजे आयतं जेवण. तिथेच बसल्या. इतकी वर्षं मी राणीचा तुकडा म्हणून मिरवत होते, आणि होते घुसखोरांची वस्ती. ऐकून मला खाली बघावंसं वाटलं, पण वडीला मान कुठली.

खरी गंमत चौथीची झाली. त्या तोरेवालीतही एक चूक निघाली, चौघींत सारखी. फाटलेला मजकूर सांधणारं एक कलम असतं, तेच तुटलेलं. निरोगी तुकड्यातही आहे म्हणजे ते दुफिएच्या जन्मापासूनच होतं, आईकडून किंवा बापाकडून आलेलं. आणि भावंडांतही असू शकतं.

डॉक्टरबाईंनी दुफिएच्या कुळाच्या म्हाताऱ्याला निरोप धाडला: सगळ्या कुळाला तपासणीला आणा. म्हातारा शब्दाचा पक्का. दुफिएच्या बहिणी आणल्या, बहिणींच्या मुली आणल्या, बसायला बाकं पुरली नाहीत. "झालं," तो म्हणाला, "आमचं कूळ आलं सगळं." डॉक्टरबाईंनी मान डोलावली.

चूक तिथेच झाली. आम्ही असांते लोक. आमच्यात कूळ आईकडून चालतं. भावाची मुलं त्यांच्या आईच्या कुळाची, आपली नव्हेत. दुफिएचा भाऊ केव्हाच वारलेला, आणि त्याची मुलं कुणी मोजलीच नाहीत. म्हातारा खोटं बोलला नव्हता, आणि डॉक्टरीणही असांतेच.

पुढे एका सकाळी मुलांना शिकवायला म्हणून मी डॉक्टरबाईंच्या मेजावर ताटलीत होते. एक शिंपीण तपासायला आली, पाळीची तक्रार घेऊन. दोन मुलांची आई. सोबत तिची आई ताविया, डोक्याला काळं फडकं घट्ट बांधलेली.

"घरात कुणाला पोटाचा, स्तनाचा कर्करोग?"

"आमच्या घरात?" ताविया म्हणाली. "माझी आई नव्वदीत मुसळ घेऊन फुफूचे कंद कुटायची. माझ्या बहिणी बघा, बैलासारख्या आहेत. लिहा, कुणाला नाही."

डॉक्टरबाईंनी पेन टेकवलं. मी ताटलीत तडफडत होते. मला त्या शिंपिणीचा चेहरा ओळखीचा वाटत होता, पण वडीचं कोण ऐकतो.

"नाव?"

"दुफिए."

पेन थांबलं. डॉक्टरबाईंनी माझ्यावरच्या चिठ्ठीकडे पाहिलं. "हे नाव कुणी ठेवलं?"

"बाबांनी. आमच्याकडे बापच ठेवतो ना. त्यांच्या बहिणीचं ठेवलं."

"टोमॅटोची राणी?"

ताविया उसळली. "तिचं नाव काढू नका. माझ्या लग्नात जेवणाला नावं ठेवून गेली होती. पोट फुगून मेली, तिच्या घरच्या बायका तशाच मरतात. तिची आजीही तशीच गेली. पण ते तिचं घर, डॉक्टरीणबाई. माझ्या लेकीत माझं रक्त आहे. बापाकडून येतो तो नुसता आत्मा."

"मावशी, मलाही आजीने हेच शिकवलंय," डॉक्टरबाई हळू म्हणाल्या. "पण मजकूर दोघांकडून येतो. निम्मा तुमचा, निम्मा त्यांचा."

"म्हणजे ती भवानी माझ्या पोरीत निम्मी?"

"निम्मी नाही. पण ती चूक आली आहे की नाही, ते पाहावं लागेल."

धाकट्या दुफिएनेच बाही वर केली. "आई, भांडण नंतर कर. आधी रक्त देऊ दे."

चूक आली होती. शिंपिणीने दोन आठवडे विचार केला आणि दोन्ही नळ्या, दोन्ही अंडाशयं काढून टाकायला होकार दिला. आता माझ्या शेजारी तिच्या नळीची वडी आहे. त्या झालरीच्या टोकाला मोजक्या पेशी बिघडलेल्या सापडल्या. रखवालदार मोडलेला, पण हात अजून धरलेले. एकही निघाली नव्हती. डॉक्टरबाई काचेवर वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

म्हणून सांगते, मित्रांनो, आम्हा जुन्या वड्यांना थंड जागी ठेवा, फेकू नका. आणि घरात कोण कशाने गेलं ते दोन्हीकडे विचारा. आम्हा असांत्यांना हसू नका. तुमच्यात आत्याचा मान मोठा, पण आईची मावशी कशाने गेली ते सांगता येईल का?

शिंपिणीच्या नळीची वडी आली त्याच आठवड्यात ताविया परत आली. या वेळी तिने आपल्या थोरल्या मुलाला मनगट धरून आणलं होतं. तो म्हणत होता, "आई, मी बाप्या माणूस, मला कुठलं अंडाशय?"

"तुला नाही, तुझ्या तीन मुलींना आहे," ताविया म्हणाली आणि त्याला खुर्चीवर बसवलं. "डॉक्टरीणबाई, घ्या रक्त. हाही त्याच बापाचा, राणीचा भाचाच."