कोरं सारवण

सकाळी चिकटवलेली लुगड्याची चिंधी कान्हूने दुपारी उपटून काढली आणि जागा ओकीबोकी दिसायला लागली म्हणून पुन्हा तिथंच चिकटवली. आठवडाभर त्याचा हाच खेळ चालला होता. हा गडी लोणावळ्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवणारा; एरवी एका बैठकीत 'शुद्ध चिक्की' लिहून मोकळा व्हायचा. आता मात्र गोणपाटं जोडून त्याने भिंतभर चित्र मांडलं होतं आणि ते त्याला बसू देत नव्हतं. चुना, डांबर, यार्डातल्या इंजिनांची राख, फुटक्या बांगड्या. हाताला लागेल ते थापायचा, मागे सरायचा, चुकलं म्हणून खरवडायचा.

मधोमध तेवढा शेणमातीचा मोठा पट्टा सारवून त्याने तसाच सोडला होता. त्याला तो शिवत नव्हता.

त्याची बायको गंगी जाऊन वर्ष होत आलं होतं. भावाचं डोकं फिरलंय असं कानावर आलं म्हणून बहीण हिरी आंबीहून धावत आली होती. गिऱ्हाइकांच्या मेलेल्या आईबापांची तोंडं हुबेहूब काढणारा माणूस स्वतःच्या बायकोचं तोंड सोडून ही घाण का थापतोय, ते तिला कळेना.

कान्हू पाण्याला गेला आणि तिची नजर त्या पट्ट्यावर गेली. सारवण कोरं ठेवू नये, त्यावर रांगोळीची दोन बोटं ओढावीत, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. तिने चुन्यात बोटं बुडवली आणि दोन रेघा ओढल्या.

कान्हू परतला तो दारातच थांबला. काय केलंस, असं त्याने विचारलं, पण आवाज चढवला नाही.

"कोरं ठिऊ न्हाई, दादा. घरात कुनी मेल्यावानी दिसतं."

"मेलीच हाय की ती." कळशी अजून त्याच्या हातातच होती. "तिचं तोंडच आठवंना मला, हिरे. लय डाव काढाया बसलो. डोळं मिटलं की तिला उचलली ती जागा तेवढी दिसती. तूच सारवली व्हतीस. कोरी."

 हिरीने बाहेर जाऊन घमेल्यात शेणमाती कालवून आणली आणि दोन्ही रेघांवरून हात फिरवला, त्या दिवशी फिरवला होता तसाच.

कान्हू खाली बसला, आठवड्यात पहिल्यांदा.

सारवून झाल्यावर हिरीचा हात सवयीने चुन्याच्या वाटीकडे गेला. तिने तो मागे घेतला आणि भावाशेजारी येऊन बसली.