गोड्या पाण्याचा एक तांब्या

मित्रांनो, मी एक संत्र्याचं झाड आहे. वय अवघं तीन वर्षं, पण आता मला म्हाताराच म्हणा.

माझा जन्म वरुडचा. तिथं वर माती, खाली मुरूम. पाणी मुळांना भिजवून पुढं निघून जातं, आणि विहिरी अशा गोड की पिऊन मन भरत नाही. बागवान चंद्रभाननं दुसऱ्या रोपाच्या खुंटावर माझा डोळा बांधून कलम केलं. लेक पंचफुला बाळंतपण आटोपून तान्ह्या सिंधूला घेऊन सासरी निघाली तेव्हा त्यानं मला तिच्या हवाली केलं. "तुया सिंधूले घरचं संत्र खाऊ दे."

साल होतं एकोणीसशे अठ्ठावन्न. सिंधू एका मांडीवर, डब्यातला मी दुसऱ्या. एसटीचा कंडक्टर हसला, "बाई, तिकीट कोनाचं फाडू? पोरीचं का झाडाचं?"

पंचफुलाचं सासर अकोटच्या खाली, पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात. तिथली विहीर खारी. पिण्यापुरतं गोडं पाणी दूरच्या गावाहून पिंपात भरून बैलगाडीनं यायचं. मला परसात लावलं. पावसाळ्यात काळी माती पाणी धरून बसली, माझी मुळं गुदमरली. उन्हाळ्यात तीच माती हातभर भेगाळली, मुळं तटातट तुटली. शेजारची बाभूळ मात्र मजेत. तिचा काय दोष? ती तिथलीच होती.

माझ्या पानांच्या कडा करपल्या. पंचफुलाला वाटलं, तहान लागली असेल. तिनं विहिरीच्या दोन घागरींच्या चार केल्या.

सासू पार्बताबाई म्हणाली, "अवं, ज्या पान्यात तुरीची डाय शिजत नाई, त्यात तुयं संत्र काय पिकन?"

"मी नाई जगून राहिली काय, आत्याबाई?"

दुसऱ्या दिवसापासून आपल्या वाट्याच्या गोड्या पाण्यातला एक तांब्या पार्बताबाई गुपचूप माझ्या बुडाशी ओतू लागली. पण एका तांब्यानं चार घागरींचं मीठ कसं धुवावं?

तिसऱ्या वैशाखात चंद्रभान आला. माझ्या बुडाची माती जिभेवर ठेवून तो थुंकला. मग विहिरीचं पाणी चाखलं.

"सोयरिकीले आलो तवा मले गोडं पानी देलं होतं."

"पाहुन्याले गोडंच देतेत, बाबा."

चंद्रभान म्हणाला, "पानी बंद कर, पोरी. तूच त्याले मीठ पाजून राहिली."

त्या संध्याकाळी सवयीनं तिनं घागर आणली, पण तिरपी केली नाही. नखानं माझी साल खरवडून पाहिली. हिरवं कुठंच नव्हतं.

"माय, संत्र कवा लागन?" सिंधूनं विचारलं. पंचफुलानं तिला नुसतं पोटाशी धरलं.

मित्रांनो, कुणालाही नव्या मातीत लावाल, तर आधी तिथलं पाणी चाखा. पाहुण्यासाठी ठेवलेला तांब्या नव्हे, रोजची घागर.

मी उद्या बाभळीच्या फाट्यांसोबत चुलीत जाईन. जीव तोडून जळेन. तरी त्या पाण्यात पंचफुलाची डाळ काही शिजायची नाही.