मोजे न काढता

कागदावर बरोबरची खूण करायला काय लागतं? पेन लागतं. डोळे लागत नाहीत, हात लागत नाहीत आणि लाज तर मुळीच लागत नाही!

रुग्ण म्हणजे एक निवृत्त पोस्टमन, वय एकोणऐंशी. हृदयाची झडप अरुंद झालेली, जिना चढला की धाप. छाती न उघडता, जांघेतल्या धमनीतून नळी वर नेऊन नवी झडप उद्या बसवायची होती. मुलगी शिंपीकाम करणारी. संमतीच्या सहीसाठी आलेली फाइल तिने सगळी वाचली आणि एका ओळीवर तिचं बोट थांबलं. ‘दोन्ही पायांच्या नाड्या उत्तम. धमन्या योग्य.’ पुढे बरोबरची खूण.

“डॉक्टर, हे कोणी तपासलं?”

“आम्हीच. आज सकाळी.”

“बाबांचे पाय गार पडतात म्हणून काल संध्याकाळी मी मोजे घातले. ते अजून पायात आहेत. मोज्यावरून नाडी लागते का हो?”

डॉक्टर हसले. “ताई, आजार हृदयाचा आहे. पायाचं काय घेऊन बसलात? तो रकाना नावापुरता असतो.”

“बाबा, सांगा यांना.”

म्हातारा ओशाळला. “शंभर पावलांवर उजवी पोटरी धरते. म्हटलं, एवढे मोठे डॉक्टर, त्यांना पोटरीचं कुठे सांगायचं!”

“जन्मभर दारोदार चाललेला माणूस शंभर पावलांत थांबतो,” मुलगी कडाडली, “आणि तुम्ही विचारत नाही, हे सांगत नाहीत! मी साधी बाही शिवतानासुद्धा दंडाचं माप घेते. चुकलं तर उसवते. धमनी फाटली तर तुम्ही काय उसवणार? मी सही करणार नाही!”

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. तावातावानेच ते वाकले आणि त्यांनी उजवा मोजा ओढून काढला. पाऊल गार होतं. बोटं घोट्यापाशी फिरली, थांबली, पुन्हा फिरली. नाडी लागेना.

“स्कॅन कुठपर्यंत केलाय?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

सिस्टर म्हणाली, “छातीपर्यंत, सर. खाली नको, वेळ नाही, असं तुम्हीच म्हणालात.”

दुपारी मांड्यांपर्यंत स्कॅन झाला. उजवी धमनी आतून चुना साचून बुजत आलेली! नळी घातली असती तर फाटलीच असती. आणि जायचं ठरलं होतं उजवीकडूनच, कारण नेहमी तिकडूनच जातात! डावी मात्र मोकळी होती.

डॉक्टर स्वतः खोलीत आले. “डावीकडून करू. ताई, ती खूण माझी होती. मी पायाला हात लावला नव्हता. चुकलो.”

पोस्टमन म्हणाला, “मी एकदा पत्ता न वाचता पत्र टाकलं, तर साहेबांनी आठवडाभर घरी बसवलं होतं.”

झडप दोन दिवसांनी नीट बसली. आता डॉक्टर प्रत्येकाला आधी मोजे काढायला सांगतात.

वाचकहो, न पाहता केलेली खूण ही खोटी साक्षच आहे, मग ती कुठल्याही टेबलावर होवो. आपणही दुखणं झाकू नये आणि विचारायला भिऊ नये. या घरी फाइल वाचणारी मुलगी होती. ज्यांच्या घरी नव्हती, त्यांची माफी कोण मागणार?